छत्तीस भोकांचा हिशेब

दिल्लीत काश्मिरी गेट आणि करोल बाग या दोन बाजारांच्या अधेमधे बाडा हिंदूराव नावाची वस्ती आहे. हे हिंदूराव आपल्याकडचेच, कागलच्या घाटग्यांपैकी. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम फ्रेझर याचा १८३५ साली खून झाला आणि टेकडीवरचा त्याचा बंगला पुढे हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या वेढ्यात त्याच बंगल्यात इंग्रजांचं मोक्याचं ठाणं होतं, आणि आता तिथे महापालिकेचं हिंदूराव रुग्णालय आहे. म्हणजे टेकडीवर दुचाकीवाल्यांची मोडलेली हाडं जोडायची सोय, आणि टेकडीखाली दोन्ही अंगांना दुचाकी जोडायची. या दोन सोयींच्या मधल्या रस्त्यावर एक गृहस्थ हमखास दिसतो. वय पंचवीस ते पस्तीस, पाठीवर कॉलेजच्या काळातली सॅक, खिशात सुताराची स्टीलची टेप, आणि काखेत मोटरसायकलची एक नुसती रिम. टायर नाही, ट्यूब नाही, तारा नाहीत. रिम नवी असेल तर ती दुकानात परत चाललेली असते, जुनी असेल तर दुकानात दाखवायला. ती घेऊन तो घरी निघालाय, असं दृश्य क्वचित. या गृहस्थाला मी रिमकरी म्हणतो.

रिमकरी सगळ्या जातिधर्मांत सापडतो. पंजाबी असतो, बिहारी असतो, गढवाली असतो. पण या भागात त्याचा एक मराठी पोटभेद आहे, आणि तो घरगुती पुराव्यासकट तपासता येत असल्यामुळे इथे तोच घेतो. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. दिल्लीत करोल बागेतल्या बीडनपुऱ्यात आणि चांदणी चौकातल्या कुचा महाजनीत त्यांची दुकानं आहेत. रिमकरी अशा घरातला धाकटा. थोरला भट्टीवर बसतो, मूस हाताळतो, सोन्याचा टंच, म्हणजे कस, काढतो. धाकट्याला शिकवलं, म्हणून तो नोएडाच्या कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो आणि त्याच्या हातांना काही काम उरत नाही. वडिलांचा डोळा मिलिग्रॅमवर, याचा मिलिमीटरवर. रक्तातला काटेकोरपणा कुठेतरी निघणारच. आप्पांनी २००३ साली घेतलेली हिरो होंडा स्प्लेंडर जिन्याखाली उभी असते. ही गाडी १९९४ साली बाजारात आली, ९७.२ सीसीची, साडेसातच्या आसपास अश्वशक्तीची, आणि निम्म्या हिंदुस्थानाने तिच्यावर दूध, वह्या आणि बायको वाहिली. तिचं आता रिमकऱ्याला काहीतरी करायचं आहे. 'काहीतरी' म्हणजे मडगार्ड कापायचं, सीट सपाट करायची, हँडल बुटकं करायचं आणि रिमा बदलायच्या. या साऱ्याला तो 'बजेट बिल्ड' म्हणतो, आणि 'बजेट' शब्द उच्चारताना जेवढी आढ्यता त्याच्या चेहऱ्यावर येते तेवढी महागडी गाडी घेणाऱ्याच्याही येत नाही.

लोकांचा समज असा, की रिमकरी कंजूष. घरातल्यांचा समज नेमका उलटा, की तो उधळ्या. माझ्या मते दोन्ही चूक. त्याचा जमाखर्च पाहिला म्हणजे कळतं. समजा, हवी ती रिम एका दुकानात चौदाशेला आहे आणि दुसऱ्या बाजारात बाराशेला मिळेल अशी कुणकुण आहे. तो दुसऱ्या बाजारात जातो. ई-रिक्षाचे जाण्यायेण्याचे पैसे होतात, वाटेत छोले-कुलचे होतात, अर्धा दिवस रजा पडते. तिथे रिम बाराशेला मिळते, तेव्हा तो घरी येऊन वहीत लिहितो : 'रिम, बाराशे. बचत, दोनशे.' बाकीच्या रकमा वहीत येतच नाहीत. टायर मांडत नाही, कारण 'तो तर बदलायचाच होता'. तारा मांडत नाही, कारण 'त्या काय, फुटकळ'. तारा भरण्याची मजुरी मांडत नाही, कारण ती द्यायची वेळ अजून आलेली नाही. अशा वहीला कंजुषाची वही कसं म्हणणार? कंजूष माणूस छोले-कुलचे आधी लिहितो. आणि उधळ्या म्हणावं तर उधळ्याला दोनशे रुपयांसाठी रजा टाकायचं सुचत नाही. 'बजेट' ही रिमकऱ्याच्या खिशाची मर्यादा नव्हेच. तो त्याने स्वतःवर घालून घेतलेला नियम आहे. कबड्डीत दम धरायचा असतो तो हवा महाग झाली म्हणून नव्हे. दम सोडायची मुभा दिली तर खेळच उरत नाही म्हणून. पैसे मोजून हवी ती रिम घ्यायची मुभा रिमकऱ्याला दिलीत, तर तो दुसऱ्या दिवसापासून गाडीकडे फिरकणार नाही.

हा नियम पाळण्यासाठी हिंदूरावसारखी जागा नाही. पूर्वेला काश्मिरी गेट, जिथे गाडीचा प्रत्येक सुटा भाग घाऊक भावात मिळतो, असं तिथला प्रत्येक दुकानदार सांगतो आणि एक नग मागितला की तोंड फिरवतो. नैर्ऋत्येला करोल बागेची नाईवालान, जिथे एक नग मिळतो, पण चहा पाजून. मधे पाच-सहा किलोमीटर, आणि त्यांत वीसेक वर्षं रखडून २०१८ साली खुला झालेला राणी झांशी रोडचा उड्डाणपूल. काश्मिरी गेटचा बाजार रविवारी बंद, करोल बाग सोमवारी. रिमकऱ्याला सुट्टी रविवारीच, त्यामुळे भाव करोल बागेचा कळतो आणि तो पडताळायला काश्मिरी गेट उघडं नसतं. पडताळणीसाठी रजा टाकावी तर सोमवारची टाकून चालत नाही, कारण पडताळून परत करोल बागेत जावं तर ती बंद. या वेळापत्रकाने त्याचे आठवडेच्या आठवडे खाल्ले आहेत, आणि त्याची तक्रार नाही. दुकानदारांनाही तो पाठ आहे. तो गल्लीत शिरला की पोऱ्या आतून ओरडतो, "सेठजी, नापनेवाला आया है!" आणि शेठ वर न बघता म्हणतात, "नापने दे. चाय मत पूछियो."

नाईवालानमधली त्याची सर्वांत मोठी शोकांतिका बुलेटची आहे. बुलेट घेतली की पहिल्याच महिन्यात कंपनीच्या तारांच्या रिमा काढून अलॉय टाकणारे शौकीन दिल्लीत भरपूर. त्या काढलेल्या रिमा दुकानात माळ्यावर रचलेल्या असतात. चकचकीत, जवळजवळ न वापरलेल्या, आणि स्वस्त. "कंपनी का निकला हुआ माल है, भाईसाहब, ऐसा पीस फिर नहीं मिलेगा." रिमकरी रिम हातात घेतो. क्रोम बघतो, सांधा बघतो, गरागरा फिरवून बघतो. आणि मग ओठ हलवत भोकं मोजायला लागतो. ती चाळीस भरतात. स्प्लेंडरच्या हबला तारा छत्तीस. तो पुन्हा मोजतो. चाळीसच. नवखा रिमकरी इथे विचारतो, की चार भोकं रिकामी सोडली तर? दुकानदार 'सोडा की' म्हणतो, कारण त्याला माल विकायचा आहे. मुरलेला रिमकरी मात्र तिथेच उभ्या उभ्या भागाकार करतो. वर्तुळाचे ३६० अंश. चाळीस भोकं म्हणजे दर नऊ अंशांना एक, छत्तीस म्हणजे दर दहांना. पहिली तार बरोबर बसेल, दुसरी एका अंशाने हुकेल, तिसरी दोनाने, आणि चाक पुरं होईस्तोवर सगळ्याच तारा वाकड्या मानेने उभ्या. शिवाय रिम एकोणीस इंची आणि याला हवी अठराची, ते वेगळंच. तो रिम परत माळ्यावर ठेवतो. एका अंशाने संसार मोडलेला माणूस जसा दिसेल तसा तो त्या वेळी दिसतो. पण हे पाहा, की चाळीस आणि छत्तीस यांतलं अंतर अंशांत मोजता येतं हे ज्याला या गल्लीत उमगलं त्याला ते शाळेत उमगलं नव्हतं. तिथे कोनमापक कंपासपेटीत आयुष्यभर कोरा राहिला.

माझा मुद्दा इथेच आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला चाकाबद्दल काही ठाऊक असण्याची गरज पडत नाही. तो गाडीचं नाव सांगतो, दुकानदार खोकं देतो. बजेटचा नियम घालून घेतलेल्याला मात्र खोकं नसतं, म्हणून त्याला माप लागतं. आणि माप लागलं की अक्कल लागते. रिमेवर ठोकलेले १.६० × १८, १.८५ × १८, २.१५ × १८ हे आकडे सामान्य माणसाला दिसतसुद्धा नाहीत. रिमकऱ्याला ते डोळे मिटून बोटांनी वाचता येतात. पहिला आकडा रुंदीचा, इंचांत. पण ती काठांच्या आतली रुंदी, बाहेरची नव्हे. दुसरा व्यासाचा, पण टायरची कड जिथे टेकते तिथला व्यास, काठापासून काठापर्यंतचा नव्हे. नवा गडी टेप लावतो, एकोणीस इंचांच्याही वर भरतं, आणि 'अठराची मागितली, एकोणीसची माथी मारली' म्हणून भांडायला जातो. दुकानदार त्याला काही समजावत नाही, नुसता हसतो. त्या हसण्यातून पोरगा जे शिकतो ते कुठल्या तंत्रनिकेतनात शिकवत नाहीत. पुढे त्याला कळतं, की जुन्या इंग्रजी गाड्यांच्या भाषेत १.६० म्हणजे डब्ल्यूएम १, १.८५ म्हणजे डब्ल्यूएम २, २.१५ म्हणजे डब्ल्यूएम ३. मग महिनाभर तो घरात 'डब्ल्यूएम टू' म्हणत हिंडतो आणि आईला वाटतं हे ऑफिसातलं काहीतरी आहे.

सुरुवातीला त्याला मागे १२० चा टायर हवा असतो. सगळ्यांनाच हवा असतो. मग समजतं, की तेवढ्या टायरला तेवढी रुंद रिम हवी. अरुंद रिमेत रुंद टायर कोंबला तर त्याच्या बाजू आत ओढल्या जातात, माथा गोल होतो आणि रस्त्याला टेकणारा भाग उलट कमी होतो. मग समजतं, की रिम मिळाली तरी स्प्लेंडरच्या मागच्या चिमट्यात तेवढी जागा नाही. मग समजतं, की चिमटा रुंद केला तरी चेन टायरला घासेल, म्हणून स्प्रॉकेट बाहेर घ्यावं लागेल, पुढचं आणि मागचं दोन्ही. आणि अखेर, सगळ्यात उशिरा, हे समजतं, की साडेसात घोड्यांनी एवढा टायर ओढायचा म्हणजे घोड्यांनी काय पाप केलंय. तेव्हा तो हळूहळू खाली उतरतो : १२० वरून ११०, मग १००, आणि शेवटी १.८५ ची रिम व तिच्यावर ३.००-१८ चा साधा टायर, म्हणजे कंपनीने दिलेल्या २.७५ पेक्षा फक्त एक पायरी वर. चार महिन्यांच्या अभ्यासातून पाव इंच. मी याला अपयश म्हणायला तयार नाही. कंपनीच्या अभियंत्याने १.६० आणि २.७५ ही जोडी का निवडली, हे सबंध दिल्लीत ज्या थोड्यांना कारणांसहित सांगता येईल त्यांत हा एक आहे. हट्ट सोडायला माणसाला कारण कळावं लागतं, आणि याला ते स्वतःच्या पायांनी चालत जाऊन मिळवावं लागलं.

आता आक्षेप. पहिला असा, की हे सगळं तत्त्वज्ञान राहू दे, मुलाकडे पैसे नाहीत म्हणून तो स्वस्त शोधतो, एवढंच. तसं असतं तर खऱ्या गरजूंनीही असंच केलं असतं. त्याच नाईवालानमध्ये खाण्याचे डबे पोचवणारी पोरं येतात. खड्ड्यात आदळून रिम वाकलेली असते, आणि चाक थांबलं की मिळकत थांबते. असा मुलगा दुकानात येतो, गाडीचं नाव सांगतो, जुन्या मापाचीच स्टीलची रिम उचलतो, पन्नास रुपये कमी करायला सांगतो, वीस कमी होतात, आणि संध्याकाळच्या आत तो पुन्हा रस्त्यावर असतो. तो भोकं मोजत नाही. मोजायला वेळ लागतो आणि त्याच्याकडे तो नाही. गरिबी माणसाला चटकन खरेदी करायला लावते. स्वस्त वस्तूसाठी चार महिने हिंडण्याची ऐपत ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला ठरल्याप्रमाणे जमा होतो त्याचीच. रिमकऱ्याचं बजेट हे सुस्थितीचं लक्षण आहे, आणि हे त्याला सांगितलेलं आवडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा : हा जिवाशी खेळ आहे. चाकासारख्या गोष्टीत काटकसर कसली? इथे मला रिमकऱ्याची बाजू अर्धीच घेता येते. चाकात काटकसर करता येते, पण कुठल्या चाकात हे कळलं पाहिजे. स्टीलची रिम आदळली की वाकते, आणि वाकलेली दिसते. ओतीव अलॉय आदळलं की बरेचदा दिसण्यासारखं काही होत नाही. आत बारीक चीर जाते आणि ती वेळ आल्यावर सांगते. मायापुरीच्या भंगारात अशी अलॉय जोडीने मिळतात, वेल्डिंग करून, घासून, काळा रंग मारून. वेल्डिंगच्या उष्णतेने ओतकामानंतर दिलेली ताकद त्या जागी जाते, हे रंगाखाली दिसत नाही. म्हणून जुनी स्टीलची रिम घ्यायला हरकत नाही, जुनं अलॉय फुकट मिळालं तरी घेऊ नये. आणि नवी घ्यायची तर आयएसआय चिन्ह बघून : दुचाकी-तिचाकींच्या रिमांसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे, आणि २०२० साली केंद्राने वाहनांच्या रिमांना ते चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. आता गंमत अशी, की हे सारं पाळणारा माणूस रिमकरीच. तो ट्यूबखालची पट्टी उचलून आतल्या बाजूचा गंज बघतो, कारण क्रोम बाहेरून चकाकत असलं तरी गंज भोकांपासून आत धरतो. तो दुकानाच्या संगमरवरी पायरीवर रिम आडवी ठेवून चारी बाजूंनी अंगठा दाबतो. डुगडुगली की परत. जिथे पट्टी वळवून दोन टोकं जोडलेली असतात त्या सांध्यावरून नख फिरवतो. याच्या शेजारी उभं राहून चाळीस हजारांचं सामान घेणारा शौकीन यातलं काही करत नाही. तो आरशात दिसेल तसं बघतो. धोका असेल तर तो या दोघांत कोणाला जास्त, हे सांगायला टेकडीवरच्या डॉक्टरांची गरज नाही. अर्थात रिमकऱ्यांतही एक कच्ची जात आहे, जी भाव ऐकून डोळे मिटते आणि रंगवलेलं अलॉय घरी आणते. तिची वकिली मी करत नाही.

तिसरा आक्षेप घरचा. आप्पा म्हणतात, "एवढ्या पैशात नवी घेतली असती." आई म्हणते, "नवी नको अन् जुनी नको, आधी पलंगाखालची ती दोन चाकं काढ. केरसुणी जात नाही." आईच्या आक्षेपाला उत्तर नाही. आप्पांच्या आक्षेपाला आहे, पण ते लंडनहून आणावं लागतं. तिथे नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे नावाचं ठिकाण १९३८ साली निघालं. लढाईनंतरच्या दशकांत कामगारांची पोरं आपापल्या साध्या गाड्या कापून-घासून शर्यतीच्या गाड्यांसारख्या करायची आणि अशा ठिकाणांपाशी जमायची. तेही बजेट बिल्डच होतं. मग रॉयल एनफिल्डने १९६० च्या दशकात तशी दिसणारी काँटिनेंटल जीटी कारखान्यातच बनवून विकायला काढली. तेच नाव २०१३ मध्ये भारतात परत आलं, २०१८ मध्ये साडेसहाशे सीसीत आलं, तारांच्या अठरा इंची चाकांवर. म्हणजे पोरांनी पैसे नाहीत म्हणून जे रूप तयार केलं ते आता पैसे मोजून मिळतं. आप्पा म्हणतात तशी 'नवी' घ्यायची तर ती घ्यावी लागेल, आणि तिच्यात रिमकऱ्याला करण्यासारखं काही उरणार नाही, हप्ते भरण्याखेरीज. सोनं आटवणाऱ्या माणसाला हे पटायला हवं. दागिना विकत घेणं निराळं आणि त्याचा टंच कळणं निराळं. आप्पांनी आयुष्य यातल्या दुसऱ्या गोष्टीवर काढलंय.

रिम एकदाची घेतली, की तारा भरायला उस्ताद लागतो. हे उस्ताद दुकानात नसतात, दुकानाबाहेर बोळात लाकडी पाटावर असतात. समोर जमिनीत रोवलेला जुना चिमटा, तोच त्यांचा स्टँड. मोटरसायकलचं वजन तारा पेलतात त्या रेट्याने नव्हे, ओढीने. हबपासून तिरक्या निघणाऱ्या या तारांची रचना इंग्लंडच्या जेम्स स्टार्लेने १८७४ साली सायकलसाठी केली, आणि बोळातले उस्ताद आजही तीच करतात, स्टार्लेचं नाव न ऐकता. एक तार ढिली पडली की तिचा भार शेजारणींवर जातो, आणि मग त्या एकेक करून तुटतात. म्हणून चाक भरणं सोपं आणि 'आऊट काढणं', म्हणजे चाकाचं डुगडुगणं घालवणं, अवघड. उस्ताद चाक फिरवतो, काठाजवळ खडू धरतो; जिथे खडू लागला तिथला निपल पाव फेरा आवळतो, समोरचा पाव फेरा सोडतो, पुन्हा फिरवतो. अधूनमधून तारेवर नख मारून आवाज ऐकतो. चाक डोळ्यांना स्थिर दिसायला लागलं की त्याच्या लेखी काम संपलं. रिमकऱ्याच्या लेखी तिथे सुरू होतं. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारण दोन मिलिमीटरपर्यंतचा आऊट चालतो. याला अर्धा हवा. "उस्ताद, थोडा और." उस्ताद आणखी पाव फेरा देतो. "थोडा इधर से." उस्ताद हातातली किल्ली खाली ठेवतो, याच्याकडे बघतो आणि विचारतो, "बेटा, चलानी कहाँ है? सड़क पे ना?" दिल्लीच्या रस्त्यांवर मिलिमीटरची बात म्हणजे महापालिकेला शिवी, हे उस्तादाला कळतं. पण मजुरी तीच राहते आणि अर्धा मिलिमीटर येतो, कारण उस्तादालाही आपलं काम बघणारं माणूस रोज भेटत नाही.

आता सगळ्यात मोठा आक्षेप, जो कोणी घेत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाबाहेर फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. एक पायरी वरच्या टायरवर पोलीस सहसा थांबत नाही. पण कापलेल्या मडगार्डवर आणि ओरडणाऱ्या सायलेन्सरवर थांबतो. ते सोडा. गाडी २००३ ची. राजधानी परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायच्या नाहीत, असं हरित लवादाने म्हटलं आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. जुलै २०२५ मध्ये तर अशा गाड्यांना पंपावर पेट्रोल द्यायचंच नाही असा हुकूम निघाला आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत स्थगित झाला. त्यानंतरही न्यायालयांत हा विषय हलत राहिला. सारांश, रिमकरी ज्या चाकाचा आऊट अर्ध्या मिलिमीटरवर आणतो ते चाक जिन्याखालून बाहेर निघालं तर गुन्हा. हे त्याला ठाऊक नाही असं नाही. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. गाडी चालवणं हा हेतू असता तर त्याने टेप विकत घेतलीच नसती. माझ्या प्रतिपादनाला याहून भक्कम पुरावा मला सापडत नाही.

मग या गाडीचं होतं काय? ना हरकत दाखल्याचे सोपस्कार होतात, टाकीतलं पेट्रोल काढून टाकतात, गाडीला गोणपाट शिवतात आणि निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेसच्या पार्सल डब्यातून ती सांगलीला जाते. तिथून टेम्पोने गावी, चुलतभावाकडे. चुलतभाऊ गोणपाट फाडतो, बुटक्या हँडलकडे बघतो, सपाट सीटकडे बघतो आणि दिल्लीचा आदर म्हणून काही बोलत नाही. दोन दिवसांत तो जुनं हँडल चढवतो, मागे लोखंडी कॅरिअर वेल्ड करून घेतो आणि दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून डेअरीला जायला लागतो. महिन्याभराने फोन येतो. "दादा, गाडी झ्याक हाय. पर कॅन भरलं की मागची रिंग लचकतीया. जरा जाड पत्र्याची मिळंल का तिकडं? लई म्हाग नगं."

रिमकरी खुर्चीत सरळ होऊन बसतो, सॅकमधून वही काढतो आणि विचारतो, "कॅन किती लिटरचे?"